मुक्या टीव्हीसाठी ऑप्टिकल कन्व्हर्टर: कुठे कामाचा, कुठे वाया

टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसतंय, आवाज मात्र अजिबात नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्याने मेन बोर्ड बदलायला सांगितलाय. अशा वेळी बोर्डाआधी ज्या वस्तूचा विचार करायला हवा ती म्हणजे ऑप्टिकल ते आरसीए कन्व्हर्टर. तळहातावर सहज मावणारी पत्र्याची डबी. एका बाजूला ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारं) आणि कोएक्सियल (तांब्याच्या तारेवर चालणारं) अशी दोन इनपुट आणि 5 व्होल्टचं सॉकेट, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी आरसीए सॉकेट आणि बहुतेक मॉडेलांत 3.5 मिमीचा जॅक. टीव्हीचा डिजिटल आवाज घेऊन साध्या अ‍ॅम्प्लिफायरला कळेल अशा रूपात तो पुढे द्यायचा, एवढंच तिचं काम. ते काम ती चांगलं करते. तरीही ही डबी ‘बंद निघाली’ म्हणून परत जाण्याचं प्रमाण खूप आहे, आणि त्यातल्या बऱ्याच डब्या बिघडलेल्या नसतात. खोट टीव्हीच्या सेटिंगमध्ये असते.

बिघडलेल्या टीव्हीतून या डबीला आवाज मिळतो तरी कसा, ते आधी बघू. टीव्हीच्या मुख्य चिपपर्यंत आवाज डिजिटल असतो. तिथून त्याला दोन वाटा फुटतात. एक वाट अ‍ॅम्प्लिफायर आयसीकडे (आवाजाला ताकद देणाऱ्या चिपकडे) जाते आणि तो आयसी आतले स्पीकर चालवतो. दुसरी वाट सरळ मागच्या ऑप्टिकल सॉकेटकडे जाते. आयसी जळला, स्पीकरची कॉइल तुटली किंवा स्पीकरचा कनेक्टर सुटला, तरी नुकसान पहिल्या वाटेवरचं असतं. दुसरी वाट शाबूत राहते. म्हणून आतल्या स्पीकरमधून काहीच येत नसलेल्या टीव्हीला डबी आणि बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला की आवाज परत येतो, आणि आतल्या बारीक स्पीकरपेक्षा भरदार येतो. बिघाड मुख्य चिपमध्येच असेल तर मात्र दोन्ही वाटा मुक्या होतात आणि डबीचा काही उपयोग नसतो.

खरेदीआधी पाच-दहा मिनिटांची तपासणी करावीच. टीव्हीच्या आतल्याच अ‍ॅपवर एखादा व्हिडिओ लावून बघा. तिथे आवाज आला तर टीव्ही ठणठणीत आहे आणि दोष सेट-टॉप बॉक्समध्ये, त्याच्या सेटिंगमध्ये किंवा एचडीएमआय केबलमध्ये आहे. सॅमसंगच्या मेनूत सपोर्ट, मग डिव्हाइस केअर, मग सेल्फ डायग्नोसिसमध्ये साउंड टेस्ट मिळते. ती धून ऐकू आली तर स्पीकर आणि आयसी दोन्ही जिवंत आहेत. पुढे साउंड आउटपुट बघा. एकदा जोडलेला ब्लूटूथ स्पीकर किंवा साउंडबार तिथे निवडलेला राहिला की टीव्हीचे स्पीकर गप्प बसतात. हेडफोनचा जॅक असेल तर त्यात पिन चार-पाच वेळा घालून काढा. जॅकच्या आतली पट्टी अडकली की टीव्हीला हेडफोन लावलेलाच आहे असं वाटत राहतं आणि तो स्पीकर बंद ठेवतो. मग प्लग भिंतीतून काढा, टीव्हीवरचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, दोन मिनिटं थांबून पुन्हा लावा. स्टँडबायवर टाकून चालू करणं म्हणजे हे नव्हे, प्लग खरोखर निघाला पाहिजे. एवढं करूनही सगळ्या सोर्सवर आवाज बंदच असेल तर डबी घ्यायला हरकत नाही.

पेनड्राइव्हवरच्या काही फाइलींनाच आवाज नाही आणि बाकी सगळं नीट वाजतंय, अशी तक्रार असेल तर डबी घेऊ नका. तो फाइलच्या कोडेकचा, म्हणजे आवाज दाबून साठवण्याच्या पद्धतीचा, प्रश्न असतो. डीटीएस ही अशीच एक पद्धत. सॅमसंगने 2018च्या मॉडेलांपासून ती देणं थांबवलं आणि एलजीनेही 2020च्या सुमारास ती काढली होती. टीव्हीला जो आवाज उलगडताच येत नाही तो ऑप्टिकलमधून पीसीएम (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) होऊन बाहेर कसा पडणार?

आता ऑप्टिकल सॉकेट चालू आहे का ते बघायचं. टीव्ही चालू करून साउंड आउटपुटमध्ये ऑप्टिकल निवडा, केबल टीव्हीत लावा आणि तिचं दुसरं टोक तळहाताजवळ धरा. हातावर लाल ठिपका पडला पाहिजे. टोक डोळ्यासमोर धरून बघायची गरज नाही. ठिपका पडला याचा अर्थ आतला प्रकाश देणारा भाग जिवंत आहे. आवाज निघतोच आहे याची ती खात्री नव्हे, पण ठिपकाच नसेल तर आधी आउटपुटचं सेटिंग पुन्हा बघा. ही केबल म्हणजे प्लॅस्टिकचा प्रकाशतंतू आहे. तोशिबाने 1983 मध्ये हा टॉसलिंक प्रकार आणला आणि त्याचा आकार आजही तसाच आहे. 5 मीटरपर्यंत साधी केबल बिनधास्त चालते. कपाटामागे काटकोनात दुमडली की आतला तंतू दुखावतो आणि आवाज मधूनमधून तुटतो, तेव्हा वळण नेहमी ऐसपैस द्यावं.

नवीन केबलच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकच्या बारीक टोप्या असतात. त्या इतक्या बेमालूम बसलेल्या असतात की लक्षातच येत नाहीत. टोपीसकट केबल घातली तर ती पूर्ण आत जात नाही आणि जोर लावला तर सॉकेटची झडप तुटते. डबीच्या सॉकेटमध्येही कधीकधी काळं बूच असतं, तेही काढायचं. प्लगला वरच्या बाजूला तिरपे कोपरे आहेत, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. नीट बसला की बोटाला ‘टक्’ असं जाणवतं.

जोडणी झाली, डबीचा दिवा लागला, तरी आवाज नाही. सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. टीव्ही बहुतेक वेळा ‘ऑटो’वर असतो आणि कार्यक्रमात डॉल्बी डिजिटल असेल तर तोच दाबलेला डेटा जसाच्या तसा ऑप्टिकलवर पाठवतो. साध्या डबीला फक्त दोन चॅनलचा पीसीएम कळतो. डॉल्बी उलगडणारा डीकोडर तिच्यात नसतो. काही डब्या अशा वेळी गप्प राहतात, तर काही त्या डेटालाच आवाज समजून कर्कश खरखर किंवा ठराविक अंतराने टकटक काढतात. दोन्ही लक्षणांवर उपाय एकच, टीव्हीचं डिजिटल आउटपुट पीसीएमवर न्यायचं. सॅमसंगमध्ये साउंड, एक्स्पर्ट सेटिंग्ज, डिजिटल आउटपुट ऑडिओ फॉरमॅट, तिथे पीसीएम. एलजीमध्ये साउंडच्या मेनूत आधी साउंड आउटला ऑप्टिकल निवडायचं आणि मग डिजिटल साउंड आउट पीसीएम करायचं. सोनीत ऑडिओ आउटपुटमध्ये स्पीकर्सच्या जागी ऑडिओ सिस्टिम निवडून डिजिटल ऑडिओ आउटला पीसीएम द्यायचं. मॉडेलगणिक मेनूची मांडणी थोडी बदलते, शब्द मात्र हेच शोधायचे. ‘पास-थ्रू’ (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) असा पर्याय दिसला तर तोही बंद करा. एवढं करूनही फक्त सेट-टॉप बॉक्सवरच अडत असेल तर त्या बॉक्सच्या मेनूतही ऑडिओ पीसीएम किंवा स्टिरिओ करा. बातम्यांना आवाज आहे आणि सिनेमाच्या चॅनलवर गायब होतो, हे लक्षण दिसलं की डोळे मिटून पीसीएमकडे जावं.

डब्यांवर ‘192 किलोहर्ट्झ, 24 बिट’ असं ठळक छापलेलं असतं. टीव्हीचा आवाज साधारणपणे 48 किलोहर्ट्झचा असतो, तेव्हा त्या आकड्यासाठी जास्त पैसे घालवू नयेत. ‘डॉल्बी डिजिटल डीकोडर’ असं स्पष्ट लिहिलेली वेगळी, महाग जात असते. ज्यांच्या टीव्हीत पीसीएमचा पर्यायच सापडत नाही त्यांनीच ती घ्यावी.

काही डब्यांवर ऑप्टिकल आणि कोएक्सियल निवडायचा बारीक सरकता स्विच असतो. तो कोएक्सियलकडे राहिला तर सगळं बरोबर असूनही शांतता. आपोआप इनपुट ओळखणारी डबी घेतली तर ही भानगड उरत नाही.

वीजपुरवठा हा या वस्तूचा कच्चा दुवा आहे. सोबत बहुतेक वेळा फक्त यूएसबी वायर येते आणि ती टीव्हीच्याच यूएसबीत खोचायची सूचना असते. सोय छान आहे, टीव्हीबरोबर डबीही चालू-बंद होते. पण ऑप्टिकलचा मोठा गुण असा की त्यातून फक्त प्रकाश जातो. टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यात तांब्याचा संबंध राहत नाही, म्हणून दोन्हींच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे येणारी घुंऽऽ अशी गुणगुण होत नाही. डबीला टीव्हीच्याच यूएसबीतून वीज दिली की तो तुटलेला संबंध वायरीने पुन्हा जोडला जातो. मग गुणगुण परत येते, नाहीतर स्क्रीनवरच्या हालचालीबरोबर बदलणारी बारीक शिट्टी ऐकू येते. मोबाइलचा चांगला 5 व्होल्टचा चार्जर वेगळा लावला की ती बहुधा जाते. टीव्ही बंद होताना स्पीकरमधून ‘धप्’ होणंही त्याने थांबतं, कारण डबीची वीज तुटत नाही. अगदी स्वस्त चार्जर मात्र स्वतःच आवाज सोडतात, दोन-तीन बदलून बघावेत.

अ‍ॅम्प्लिफायरकडे वायर ऑक्स, सीडी किंवा टेप अशा इनपुटला लावायची. फोनो नको. ते इनपुट रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं आणि सिग्नल शंभरेक पट वाढवतं, त्यामुळे आवाज फाटतो. लाल म्हणजे उजवा, पांढरा म्हणजे डावा. एकाच बाजूने आवाज येत असेल तर डबीकडच्या दोन पिना आपसांत बदला. शांतता दुसऱ्या स्पीकरकडे सरकली तर दोष डबीत किंवा त्याआधी आहे. होती तिथेच राहिली तर केबल, अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर तपासा. डबी परत करण्याआधी एवढं एक करून बघाच.

एक मोठी गैरसोय आधीच सांगायला हवी. बहुतेक टीव्हींचा ऑप्टिकल आवाज एकाच पातळीवर ठेवलेला असतो, टीव्हीच्या रिमोटने तो कमी-जास्त होत नाही. अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचा रिमोट नसेल तर दर वेळी उठावं लागतं, आणि घरात वयस्कर माणसं असतील तर हा त्रास रोजचा होतो. सोनीच्या बऱ्याच टीव्हींत डिजिटल ऑडिओ आउट व्हॉल्यूमला ‘व्हेरिएबल’ हा पर्याय असतो, तो असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर स्वतःचा रिमोट असलेली डबी घ्या. थोडी महाग पडते, पण वापरायला हीच सगळ्यात सुखाची.

3.5 मिमीच्या जॅकवर ‘हेडफोन’ लिहिलेलं असलं तरी साध्या डबीत तो आरसीएचाच जोडभाऊ असतो. स्वतःची वीज असलेल्या कॉम्प्युटर स्पीकरना तो उत्तम, पण थेट हेडफोन लावला तर आवाज पातळ येतो आणि खर्ज बसतो. आवाजाची प्रत म्हणाल तर बोलणं स्वच्छ, मागची सळसळ नाही, संगीतही समाधानकारक. ओठांची हालचाल आणि आवाज यांत फरक वाटला तर तो डबीमुळे नसतो, टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो. ऑप्टिकल डिले किंवा ए-व्ही सिंकमध्ये मिलिसेकंद थोडे-थोडे बदलत जुळवून घ्या, नाहीतर चित्र गेम मोडवर टाकून बघा. याबाबतीत ब्लूटूथपेक्षा ही तार कितीतरी भरवशाची.

टीव्हीला ऑप्टिकल सॉकेटच नसेल तर ही डबी नको. तिथे एचडीएमआय एआरसीवरून, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच बाहेर देणाऱ्या सोयीवरून, आवाज काढणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो. तो एआरसी लिहिलेल्या पोर्टलाच लावावा लागतो आणि टीव्हीत सीईसी (एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू असावं लागतं. सॅमसंग त्याला अ‍ॅनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. तो चालतो तेव्हा टीव्हीच्याच रिमोटने आवाज बदलू शकतो, पण टीव्ही चालू करताना दोघांची ओळख पटली नाही की पुन्हा शांतता. ऑप्टिकलला असली ओळखपाळख लागतच नाही, म्हणून सॉकेट असेल तर आमचा कौल ऑप्टिकलला.

दुरुस्तीशी तुलना करायची तर आधी दुरुस्ती करणाऱ्याला स्पीकर मोजायला सांगा. कनेक्टर काढून मल्टिमीटरवर 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलेली आहे आणि नुसते स्पीकर बदलून काम होतं, डबीचीही गरज नाही. स्पीकर चांगले निघाले तर संशय आयसीवर जातो. आयसी बदलणारा हुशार कारागीर मिळाला तर उत्तम, पण त्या एका आयसीसाठी अख्खा बोर्ड बदलायला कोणी सांगत असेल आणि घरात जुना अ‍ॅम्प्लिफायर पडून असेल, तर डबी घ्यावी. टीव्ही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज काही काळ साठून राहतो.

घेताना पत्र्याची बॉडी, घट्ट बसणारी सॉकेट, सोबत ऑप्टिकल केबल आणि परत करण्याची मुदत या चार गोष्टी बघा. आल्याच दिवशी पीसीएम लावून दोन-तीन तास सलग वाजवून घ्या. बॉडी कोमट होणं ठीक आहे. हात लावता येणार नाही इतकी तापली किंवा दर काही मिनिटांनी आवाज क्षणभर तुटला तर आधी केबल आणि चार्जर बदलून बघा, आणि तरीही तसंच राहिलं तर मुदतीच्या आत बदलून घ्या.