रेड डॉट की होलोग्राफिक?

रायफलवर पहिल्यांदाच साईट (नेम धरायचं उपकरण) लावत असाल तर माझं मत सरळ रेड डॉट, कारण त्यात साधा एलईडी असतो, काचेवरून ठिपका डोळ्यात येतो आणि बॅटरी इतकी कमी खातो की एमपॉइंट कंपनीचा टी-२ हा रेड डॉट एकाच सेलवर ५०,००० तास चालतो, म्हणजे कायम चालू ठेवलात तरी वर्षानुवर्षं बघायला नको. होलोग्राफिकमध्ये लेझर, त्यामुळे ईओटेक कंपनीचा होलोग्राफिक साधारण १,००० तासांतच सेल मागतो, शिवाय वजनही जास्त. पण त्यातलं ते ६८ एमओएचं (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) वर्तुळ आणि मधला १ एमओएचा बारीक ठिपका, जवळच्या टार्गेटवर नजर पटकन बसते हो! ॲस्टिग्मॅटिझम (प्रकाश नीट एका बिंदूत न येण्याचा दृष्टिदोष) असेल तर मात्र आधी स्वतः डोळा लावून बघाच, रेड डॉटचा ठिपका फुटलेल्या चांदणीसारखा दिसू शकतो.