शिकारी बघायचे तर चारचं ऑब्जेक्टिव्ह: दिवाळीपासूनचा मायक्रोस्कोपचा अनुभव

दुकानात सगळा भर 'हजारपट मोठं दिसतं' यावर होता. तळ्यातले एकपेशीय शिकारी बघायचे असतील, तर त्या हजारपटीचा काडीचा उपयोग नाही. शंभरचं तेलाचं ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं, तेलाचा थेंब लावून वापरायचं भिंग) माझ्याकडे दिवाळीपासून कोरंच पडलंय.

गणित साधं आहे. आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) दहाचा, त्याचा फील्ड नंबर १८; या आकड्याला ऑब्जेक्टिव्हच्या पटीनं भागायचं, म्हणजे चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हखाली दिसणारं वर्तुळ जेमतेम ०.४५ मिलिमीटर. पॅरामेशियम (या शिकाऱ्यांचं एकपेशीय सावज) सेकंदाला साधारण एक मिलिमीटर पळतं. दिसलं म्हणेपर्यंत गेलंच! चारला हेच वर्तुळ साडेचार मिलिमीटरचं होतं, मग पाठलाग जमतो. त्यामुळे सगळ्यात जास्त हात जातो तो स्टेजच्या, म्हणजे स्लाइड ठेवायच्या पाटाच्या, स्लाइड सरकवणाऱ्या स्क्रूवर. नुसत्या क्लिपा असलेलं स्वस्त मॉडेल घेऊ नका, त्यात स्लाइड बोटानं ढकलावी लागते. माझा आडवा स्क्रू पावसाळा लागल्यापासून मधेच अडतो, एवढी एक तक्रार.

पाणी रंकाळ्याचं, काठच्या जलपर्णीच्या मुळांशेजारचं. बरणीत भाताचं थोडं पिंजर टाकलं की आधी बॅक्टेरिया वाढतात, त्यांवर पॅरामेशियम, आणि नशीब असेल तर त्यांच्यावर डिडिनियम हा एकपेशीय शिकारी. बऱ्याच बरण्या वाया जातात आणि वासानं घरचे वैतागतात, ते वेगळं.

पण डिडिनियम सापडलं की लय भारी! पिंपासारखा देह, पुढे निमुळती सोंड, अंगाभोवती रोमकांचे (पोहायच्या बारीक केसांचे) दोन पट्टे. गिरक्या घेत सुसाट फिरतं, पॅरामेशियमला धडकलं की सोंडेतून विषारी धागे सोडतं आणि स्वतःहून मोठं सावजही अख्खं गिळतं. पॅरामेशियमही उलट बारीक काटे सोडतं. पण एकदा सोंड चिकटली की बहुतेक वेळा खेळ खलास.

गाउझे या रशियन शास्त्रज्ञानं १९३४ मध्ये मांडलेले गाजलेले प्रयोग याच जोडीवरचे. लपायला जागा नसेल तर डिडिनियम सगळी पॅरामेशियम फस्त करतं आणि मग स्वतः उपाशी मरतं. तळाला गाळ असेल तर काही पॅरामेशियम त्यात वाचतात. म्हणून बरणीतलं पिंजर मी काढत नाही.

धावपळीचा कंटाळा आला तर लॅक्रिमारिया ही लांब मानेची एकपेशीय शिकारी शोधा. धड कचऱ्यात दडवून ती मान कितीतरी पट लांब ताणते आणि सगळीकडे चाचपत राहते. तिला दहाचं ऑब्जेक्टिव्ह पुरतं.

वेग कमी करायला मिथाइल सेल्युलोज (पाणी घट्ट करणारा पदार्थ) वापरतात; त्यात पोहणं मंदावतं, पण शिकारीची मजाही जाते. मला कव्हरस्लिपखाली कापसाचे विरळ तंतू बरे वाटतात. स्टेजखालच्या कंडेन्सरचा डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करायची झडप) बराच मिटवा, नाहीतर पारदर्शक जीव उजेडात हरवतात. गिळण्याचा क्षण डोळ्यानं नीट सापडत नाही, मोबाइलचा स्लो मोशन लावा. सोबत आलेला मोबाइल होल्डर तकलादू आहे, दुसरा घ्या. आणि आपल्याकडच्या पावसात भिंगांवर बुरशी धरते, तेव्हा डब्यात सिलिका जेल हवंच.