‘स्प्लिट फॉन मादी’ अशी चीज नसते

झेब्रा फिंच हा छोटा पिंजऱ्यातला पक्षी पाळणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. त्यातही ज्यांना व्हॉट्सॲपवर ‘ग्रे पेअर, नर-मादी दोन्ही १०० टक्के स्प्लिट फॉन, डीएनए सर्टिफिकेटसह’ असा मजकूर आला असेल, त्यांनी पैसे पाठवायच्या आधी हे वाचावं. (ग्रे म्हणजे राखाडी, फॉन म्हणजे तपकिरी; ‘स्प्लिट फॉन’ म्हणजे दिसायला ग्रे, पण अंगात फॉन लपलेला पक्षी.) मला तो मजकूर आला, मी पैसे दिले, आणि हा मजकूर खोटा आहे हे कळायला एका सर्टिफिकेटपलीकडे काहीच लागत नाही हे नंतर कळलं.

विकणारा बाजारातला दुकानदार नव्हता. घरीच ब्रीडिंग करतो म्हणणारा, गोड बोलणारा, दर वाक्याला ‘सर’ लावणारा माणूस. आमच्याकडे साधी ग्रे जोडी पाच-सातशे रुपयांत मिळते. याने तिप्पट सांगितले. दिसायला जोडी अगदी साधीच होती, पण तो म्हणाला, “सर, दिसण्यावर जाऊ नका, माल आतला आहे. पहिल्याच क्लचला फॉन निघतील, गॅरंटी माझी.” (क्लच म्हणजे एका खेपेची अंडी.) सोबत एका लॅबच्या डीएनए चाचणीची पीडीएफ. रिंग नंबर, पिसाचा नमुना, खाली निकाल: मादी. नराचाही तसाच कागद. ग्रे झेब्राचा नर त्याच्या नारिंगी गालांवरून शाळकरी पोरही ओळखतं, त्याला डीएनए रिपोर्ट कशाला, असं कोणीही विचारेल. पण तो कागद नर-मादी सांगायला नव्हताच. ‘डीएनए’ हा शब्द बघितला की रंगाचीही तपासणी झाली असेल असं वाटावं, एवढंच त्याचं काम. पक्षी विकताना मिळणारी ही चाचणी फक्त लिंग सांगते, रंगाबद्दल तिच्यात एक अक्षर नसतं.

आता रंगाचं गणित सांगतो, कारण सगळी लबाडी त्यातच आहे.

ग्रे हा झेब्राचा जंगली रंग. फॉन म्हणजे तोच पक्षी, पण राखाडीच्या जागी तपकिरी. नराच्या छातीवरचा काळा पट्टासुद्धा तपकिरी होतो. अंगात फॉनचं जनुक आहे पण वरून ग्रे दिसतो, त्या पक्ष्याला स्प्लिट म्हणतात. माणसात पुरुष एक्स-वाय आणि बाई एक्स-एक्स. पक्ष्यांत उलटं: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. फॉनचं जनुक झेडवर असतं. नराच्या एका झेडवर फॉन आणि दुसऱ्यावर ग्रे असेल तर ग्रे वरचढ ठरतो आणि फॉन झाकला जातो. मादीकडे झेड एकच. त्यावर फॉन असेल तर ती फॉनच दिसणार, नसेल तर ग्रे. झाकून ठेवायला दुसरा झेड तिच्याकडे नाहीच. म्हणजे ग्रे दिसणारी मादी फॉनला स्प्लिट असूच शकत नाही. शंभर टक्के नाही, पन्नास टक्के नाही, एक टक्काही नाही.

मला विकलेल्या जोडीचं हे निम्मं मूल्य तिथल्या तिथे शून्य होतं. उरला नर. तो खरंच स्प्लिट असता तर ग्रे मादीबरोबर त्याच्या निम्म्या मुली फॉन निघाल्या असत्या आणि मुलगे सगळे ग्रे. एकूण पिल्लांत साधारण चौथा हिस्सा फॉन, आणि त्या सगळ्या माद्याच.

घरट्यासाठी मटका लावला, काथ्या दिला, अंडी आली, तेरा-चौदा दिवसांनी फुटली. पिसं भरू लागली तशी एकेक बाहेर येणारं पिल्लू ग्रे. फोन केला तर म्हणाला, “सर, पहिला क्लच आहे, जोडी नवीन आहे.” पुढच्या वेळी उन्हाचं कारण. त्यानंतर कांगणीबरोबर एग फूड देता का, समुद्रफेस ठेवला का, हे विचारलं. एग फूड चांगलंच, पण अंड्याचा बलक खाऊन झेडवरचं जनुक बदलत नाही. शेवटी म्हणाला, “नशिबाचा भाग आहे सर.” आणि हे उत्तर सगळ्यात हुशारीचं होतं. कारण स्प्लिट नर आणि ग्रे मादी या जोडीत दर पिल्लामागे फॉन निघण्याची शक्यता चारात एक. दहा पिल्लं झाली आणि एकही फॉन नाही, असं खऱ्या स्प्लिट नराच्या बाबतीतही शंभरात पाच-सहा जोड्यांना होईल. नशिबाच्या गोष्टीला तेवढी जागा राहावी म्हणूनच तो ग्रे-ग्रे जोडी विकतो. तोवर महिने उलटतात, गिऱ्हाईक दमतं, आणि एवढ्या पैशांसाठी भांडायचं कोणी, म्हणून सोडून देतं.

आमच्या गावात एक तात्या आहेत, पूर्वीपासून कॅनरी आणि फिंच ठेवणारे. त्यांना तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, मोबाईल नाकाजवळ धरला आणि विचारलं, “इथं मादी लिहिलंय ना?”

“हो.”

“आणि तो म्हणतो स्प्लिट फॉन?”

“शंभर टक्के.”

“मग दोन्हींपैकी एक खोटं आहे. कागद खरा असेल तर माणूस खोटा. तूच ठरव.”

डीएनए रिपोर्ट विश्वास बसावा म्हणून दिला होता, आणि त्याच रिपोर्टने विकणाऱ्याला खोटं पाडलं. ज्यांच्या हातात असा मजकूर आणि असा रिपोर्ट दोन्ही आहेत, त्यांच्याकडे मादीपुरता पुरावा पूर्ण आहे. एकही अंडं उबवायची गरज नाही.

नराचा निकाल लावायला मात्र अंडी लागतात. तात्यांनी त्यांची एक फॉन मादी दिली. तीही लगेच सोडली नाही. मादीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दहा-बारा दिवस जिवंत राहतं, त्यामुळे तिला आधी दोन-तीन आठवडे एकटीला ठेवलं. नाहीतर जे पिल्लू निघेल ते कुणाचं हेच सांगता येत नाही. फॉन मादीबरोबर स्प्लिट नर लावला तर दर पिल्लामागे निम्मी शक्यता, मग नर असो की मादी. नर खरंच स्प्लिट असेल तर पाच पिल्लं सलग ग्रे निघण्याची शक्यता ३२त एक. दहा निघण्याची १०२४त एक. आमच्याकडे आकडा दहाच्या पुढे गेला, फॉन एकही नाही. नरही साधाच होता.

यात एक गंमत अशी की फॉन मादीचा प्रत्येक मुलगा शंभर टक्के स्प्लिट असतो, कारण आईकडून त्याला तोच एक झेड मिळतो. त्यामुळे ज्या मालासाठी मी तिप्पट पैसे मोजले तो माल आता तात्यांच्या मादीमुळे घरात फुकट उड्या मारतोय.

हे लोक पकडले का जात नाहीत, याचं कारण माझ्या मते हे आहे की ते पूर्ण खोटं बोलत नाहीत. पाइड, पेंग्विन, व्हाइट हे झेब्राचे रंग झेडवर नसतात. त्यांत मादी खरंच स्प्लिट असू शकते. ‘स्प्लिट पाइड मादी’ हे वाक्य बरोबर आहे, ‘स्प्लिट फॉन मादी’ चूक, आणि दोन्ही कानाला सारखीच वाटतात. सीएफडब्ल्यू, म्हणजे चेस्टनट फ्लँक्ड व्हाइट, हाही फॉनसारखाच झेडवरचा रंग. त्याचीही स्प्लिट मादी नसते. आणि क्रेस्ट, डोक्यावरचा तुरा, हा वरचढ गुण आहे. तो असेल तर दिसतो. ‘स्प्लिट क्रेस्ट’ म्हणून कोणी नर विको की मादी, पैसे खिशातच ठेवायचे. (जाता जाता: क्रेस्टला क्रेस्ट लावू नका. तुऱ्याच्या दोन प्रती एकत्र आलेलं पिल्लू अंड्यातच मरतं. ‘दोघांना तुरा आहे, भारी जोडी आहे’ म्हणून जास्त पैसे घेणारेही आहेत.)

टक्क्यांचा खेळ वेगळाच. ‘६६ टक्के स्प्लिट पाइड’ ऐकलं की वाटतं पक्ष्यात पाइडचं रक्त दोन तृतीयांश आहे. तसं काही नसतं. दोन स्प्लिट पाइड जोडले की चारात एक पिल्लू पाइड दिसतं. बाकी तीन साधी दिसतात, त्यांतली सरासरी दोन स्प्लिट असतात आणि एक कोरं. कोणतं कोरं, हे बघून कळत नाही. ६६ टक्के म्हणजे तुमच्या हातात येणारा साधा पक्षी स्प्लिट असण्याची शक्यता तीनात दोन, आणि त्याच्यात काहीच नसण्याची तीनात एक. प्रामाणिक ब्रीडर हा पक्षी ‘पॉसिबल स्प्लिट’ म्हणून विकतो आणि जवळपास साध्याच भावात देतो. तुमच्याकडून पूर्ण स्प्लिटचा भाव मागितला तर समजा की तो टक्केवारी विकतोय.

मग खरा स्प्लिट नर घ्यायचा कसा? पक्ष्याकडे बघत बसण्यात अर्थ नाही, आईबाप बघा. फॉनच्या बाबतीत एकच प्रश्न पुरतो: “याची आई फॉन आहे का, दाखवा.” आई फॉन असेल तर मुलगा स्प्लिट, विषय संपला. बाप फॉन असेल आणि मुलगा ग्रे असेल तरी तो स्प्लिटच. दोघंही ग्रे असतील आणि ‘बाप स्प्लिट होता’ एवढंच सांगत असेल तर मुलगा स्प्लिट असण्याची शक्यता निम्मी. आईबाप दाखवताना ते वेगळ्या पिंजऱ्यात, जोडीने आणि पिल्लांसकट दिसले पाहिजेत. मोठ्या कॉलनी पिंजऱ्यात वीस-तीस पक्षी एकत्र असतात. तिथे घरट्यावर बसलेला नरच पिल्लांचा बाप असेल असं नाही. झेब्रा या बाबतीत फार सोवळे नाहीत.

पायातली रिंगही हात लावून बघा. सांधा नसलेली बंद रिंग पिल्लू आठ-दहा दिवसांचं असताना बोटं एकत्र धरून सरकवावी लागते. मोठ्या पक्ष्याच्या पायात ती जातच नाही. तिच्यावर वर्ष आणि नंबर असेल आणि तो ब्रीडरच्या वहीशी जुळत असेल तर काही अर्थ आहे. फट असलेली प्लास्टिकची रंगीत रिंग काल संध्याकाळीही घातलेली असू शकते. माझ्या जोडीच्या रिंग तशाच होत्या. डीएनए रिपोर्टवरचा नंबर त्यांच्यावर होता खरा, पण फट उघडून तो दुसऱ्या कुठल्याही पायात घालायला मिनिटही लागत नाही.

जुनी फसवणूक रंगवलेल्या मुनियांची. आपल्याकडच्या ठिपकेवाल्या किंवा काळ्या डोक्याच्या मुनिया पकडून, हिरव्या-पिवळ्या रंगात बुडवून ‘इम्पोर्टेड फिंच’ म्हणून विकतात. पिसाच्या बुडाशी रंग पोचलेला नसतो, ओल्या कापसाने पुसलं तर कापूस रंगतो, आणि पिसं गळून नवी आली की सोंग उतरतं. ते घेऊच नका, कारण देशी मुनिया पकडणं, विकणं आणि पाळणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे. तिथे तुम्ही फसलेले गिऱ्हाईक नसता, आरोपी असता.

पैशांचं काय झालं ते सांगतो. मी त्याला त्याचाच मजकूर, त्याचाच रिपोर्ट आणि ‘मादी झेड-डब्ल्यू असते’ एवढं लिहून पाठवलं. त्याने आधी ‘जिवंत मालाला गॅरंटी नसते सर’ असं कळवलं, मग ब्लॉक केलं. पक्षी मेला किंवा आजारी पडला, तर जिवंत मालाची सबब मी समजू शकतो. इथे पक्षी ठणठणीत आहे; खोटं होतं ते वर्णन. मी ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी चालू आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी लागत नाही. त्यासाठी मूळ चॅट, यूपीआयची पावती, रिपोर्ट आणि रिंगसकट पक्ष्याचे फोटो लागतील. चॅट उडवू नका, आणि ‘फोनवर बोलू’ म्हणणाऱ्याला जे काही कबूल करायचं ते लिहून द्यायला सांगा.

ब्लॉक केलं तरी त्याच्या जाहिराती ओळखीच्या एकाकडून कळतात. सध्या तो गोल्डियन या दुसऱ्या जातीच्या रंगीत फिंचकडे वळलाय. गोल्डियनमध्ये लाल डोकं काळ्यावर वरचढ आणि हे जनुकही झेडवरच. म्हणजे लाल डोक्याच्या नरात काळं लपू शकतं, मादीत नाही. परवाची जाहिरात होती: ‘रेड हेड मादी, १०० टक्के स्प्लिट ब्लॅक हेड, डीएनए सर्टिफिकेटसह’. भाव झेब्राच्या कितीतरी पट, आणि खाली दोघांनी ‘अजून आहे का?’ म्हणून विचारलेलं.