साडेतेरा हजारांचं ‘कीड ओळखणारं’ मशीन

नागपूरजवळच्या कापूस पट्ट्यात हे मशीन विकलं गेलं ते असं: वावरात येऊन डेमो, १३,५०० रुपये रोख, बिल नाही. डेमोसाठी किडींचे छापील फोटो विक्रेत्याने स्वतःच आणलेले. उत्तर बरोबर येणारच.

काळ्या डब्याचे चार स्क्रू काढले की आत साधा अँड्रॉइड मोबाइल, पॉवरबँक आणि कॅमेऱ्यावर दोन-तीनशे रुपयांना मिळणारी क्लिपची मॅक्रो लेन्स. लेन्स चांगली आहे, तुडतुडे-फुलकिडे अशा बारीक रस शोषणाऱ्या किडी तिच्यातून स्वच्छ दिसतात. लबाडी अ‍ॅपमध्ये आहे. कडुनिंबाचं पान दाखवा, पांढरा रुमाल दाखवा, ‘गुलाबी बोंडअळी, तीव्र’ ठरलेलं. आणि खाली औषधाचं नाव, जे त्याच माणसाकडे मिळतं.

घेण्याआधी हाच रुमाल पुढे करा. प्रामाणिक अ‍ॅप ‘ओळखता आलं नाही’ म्हणतं. मग फोन फ्लाइट मोडवर टाका. नेटशिवाय चालणारी खरी अ‍ॅपही असतात, पण ‘फोटो सर्व्हरवर तपासतो’ असं सांगणाऱ्याचं उत्तर तरीही आलं, तर तो सरळ खोटं बोलतोय.

मुळात गुलाबी बोंडअळी पानाच्या फोटोत सापडायची नाही. अळी बोंडात शिरते आणि छिद्र बुजतं; वरून बोंड हिरवंगार. त्यासाठी डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, कळीसारखी मिटलेली फुलं) बघायच्या, एकरी २० हिरवी बोंडं वेगवेगळ्या झाडांवरून तोडून फोडायची. दोनांत अळी किंवा तिचं नुकसान दिसलं, म्हणजे १० टक्के, की फवारणीचा विचार. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग, हीदेखील फवारणीची तीच पातळी. एका फोटोवरून पातळी कळत नाही, मग ओळख कितीही अचूक असो.

दुसरा घोळ लाल्याचा, म्हणजे कपाशीचं पान लाल पडण्याचा. पान लाल दिसलं की मात्र हे अ‍ॅप तुडतुडे सांगतं, मग ते मॅग्नेशियम-नत्र कमी पडून लाल झालेलं का असेना. शेतकरी कीटकनाशक मारतो, पऱ्हाटी (कपाशी) लालच राहते. तुडतुडे असतील तर पान उलटल्यावर तिरपे पळताना दिसतात, त्याला मशीन कशाला?

फोटोवरून ओळख हवीच असेल तर केंद्र सरकारचं एनपीएसएस (राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली) अ‍ॅप ऑगस्ट २०२४ पासून फुकट आहे. शंका राहिली तर किडकी बोंडं पिशवीत घालून सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवा.

‘जैविक आहे, नोंदणी लागत नाही’ हे ऐकून त्याच्याकडची औषधाची बाटली घेऊ नका. कीड मारायची म्हणून विकलेल्या जैविक औषधालाही कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदणी लागते. लेबलवर नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत पाहा.

घेऊन बसला असाल तर एक बाटली सीलबंद ठेवा. उघडलेल्या बाटलीचा नमुना तक्रारीत टिकत नाही. ती पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे द्या, मशीनची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करा. पैसे यूपीआयने गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.