स्कूटरच्या डिक्कीत काय ठेवावं: पंक्चर किट, जेल की पंप?

वडिलांच्या बजाज चेतकला मागे स्टेपनी होती. पुढचं आणि मागचं चाक एकच, त्यामुळे पंक्चर कुठलंही असो, नट सोडायचे, चाक बदलायचं आणि निघायचं. आजच्या स्कूटरला स्टेपनी नाही आणि ठेवायला जागाही नाही. ॲक्टिव्हा ६जीचं पुढचं चाक १२ इंची आणि मागचं १० इंची, म्हणजे एक जादा चाक दोन्हीकडे चालणारही नाही. शिवाय मागचं चाक काढायचं तर आधी सायलेन्सर खोलावा लागतो. रस्त्याच्या कडेला, पावसात, हे कोण करणार? म्हणून आता हातात दोनच गोष्टी उरतात: भोक बुजवणं किंवा हवा भरणं.

बाकीचे बिघाड बाजूलाच ठेवतो. गिअरची गाडी धक्का मारून चालू होते, गिअरलेस स्कूटर होत नाही. तिचा क्लच इंजिन फिरल्याशिवाय चाकाला धरतच नाही. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा बेल्ट तुटला तर टोचन करून नेण्याशिवाय इलाज नाही. त्यासाठी डिक्कीत ठेवण्यासारखं काही नसतं. पंक्चर मात्र आपल्या आवाक्यातलं आहे, आणि सगळ्यात जास्त वेळा तेच होतं.

काही विकत घेण्याआधी टायरच्या बाजूवर ट्यूबलेस असं कोरलंय का ते बघा. ट्यूबचा टायर असेल तर पंक्चर किट, म्हणजे टोच्या, सुई आणि भोकात घालायच्या रबरी पट्ट्या, तुमच्या कामाचं नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आईला मागे बसवून पुण्याहून माणगावला निघालो होतो. ताम्हिणी घाटात निवे गाव मागे पडलं आणि मागचं चाक डुगडुगायला लागलं. उतरून बघितलं तर टायरच्या मधोमध खिळ्याचं डोकं चमकत होतं. हवा अर्ध्याहून थोडी जास्त असावी. मी स्क्रूड्रायव्हर घातला आणि खिळा उपसून काढला. फस्स करून उरलेली सगळी हवा दहा सेकंदांत गेली. किट घरी, पंप नाही, मोबाइलला रेंज नाही. एका टेम्पोवाल्या दादांनी आईला पुढच्या वस्तीपर्यंत नेलं आणि मी पावसात गाडी ढकलत निघालो. सत्तरीच्या आईला अनोळखी टेम्पोत बसवताना मला जे वाटलं ते अजून विसरलो नाही. त्या दिवसापासून या विषयाचा नाद लागला.

खिळा तसाच राहू दिला असता तर हवा हळूहळूच गेली असती. ट्यूबलेसमध्ये खिळाच भोकाला बुचासारखा बसलेला असतो. पंप असता तर हवा भरून आठ-दहा किलोमीटर जाऊन थांबलो असतो, पुन्हा भरली असती आणि दुकान गाठलं असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर पंप घ्या, किट नंतर. नुसतं किट असेल तर भोक बुजेल, पण चाकात हवा कुठून आणणार? घाटात तर नाहीच.

आता पंप कुठला, पायाने मारायचा की बॅटरीचा? मी दोन्ही वापरलेत.

पायपंप मला पाचशेच्या आत मिळाला. चार्जिंग नको, पाऊस-पाण्याची भीती नको, दोन वर्षं पडून राहिला तरी वेळेला चालतो. पण वजन किलोच्या वर, लांबोडका, आणि हेल्मेट डिक्कीत ठेवायची सवय असेल तर दोन्ही एकत्र बसत नाहीत. अर्धवट हवेपासून २९ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) माझे साठेक दणके लागतात. खाली घट्ट सपाट जमीन लागते, चिखलात तो कलंडतो. त्याच्या काट्यावरही विसंबू नका. माझा चार-पाच पीएसआय जास्तच दाखवतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो नको.

बॅटरीचा पंप पाण्याच्या बाटलीएवढा. आकडा लावायचा, बटण दाबायचं, तेवढी हवा झाली की आपोआप थांबतो. स्कूटरचं चाक भरायला काही मिनिटं पुरतात. किंमत पायपंपाच्या तिप्पट-चौपट. खरी अडचण वेगळीच आहे: गरज पडते तेव्हा तो उतरलेला असतो. डिक्कीच्या खालीच इंजिन तापत असतं, त्या उष्णतेत लिथियमचा सेल लवकर म्हातारा होतो. म्हणून मी तो पाठीवरच्या पिशवीत ठेवतो. दर पंधरवड्याला घरीच हवा भरायची सवय असेल तर तो चार्ज करायचंही आपोआप लक्षात राहतं, आणि अशा माणसाने हाच घ्यावा. वर्षातून दोनदा गावी जाताना आठवण येणार असेल तर पायपंपच बरा.

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला लावायचा कारचा पंप मात्र स्कूटरच्या बॅटरीला जोडू नका. ती बॅटरी अगदीच छोटी असते. चाक भरेल आणि गाडी सेल्फ घेणार नाही.

पंप कुठलाही असो, दुकानातून निघण्याआधी नळी आपल्या मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हला लावून बघा. १० इंची रिमवर व्हॉल्व्ह आणि ब्रेक ड्रम यांच्यात बोटभर जागा असते. कडक, सरळ तोंडाची नळी तिथे वळतच नाही. माझा पहिला पंप एवढ्यासाठी परत करावा लागला.

जेलचा हिशेब वेगळा. व्हॉल्व्हची पिन काढून ते आधीच टायरमध्ये ओततात. खिळा शिरला की ते भोकात जाऊन घट्ट होतं. कल्पना जुनीच आहे, पूर्वीच्या ॲक्टिव्हाला टफ-अप ट्यूब यायची त्यात असंच द्रव असायचं. रोज रात्री उशिरा एकटीने घरी येणाऱ्या मुलीसाठी मी जेलच सुचवीन, कारण अंधारात थांबायची वेळच बहुतेकदा येत नाही. तोटे आहेतच. काही महिन्यांनी ते सुकतं, व्हॉल्व्ह चिकटतो, आणि पंक्चर झालेलं कळत नसल्याने खिळा घेऊन आठवडाभर फिरलो असं होतं. टायरच्या बाजूला चीर पडली तर जेल, किट, पंप, कशाचाच उपयोग नाही.

व्हॉल्व्हमधून टायरमध्ये फवारून भोक बुजवायचा स्प्रेचा डबा मी घेत नाही. एकदाच वापरता येतो, आणि त्यावरच लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर तापू देऊ नका. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिक्कीत हात घालून बघा.

विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलं की झालं, असं बरेच जण म्हणतात. शहरात ठीक आहे, आणि बेल्ट तुटला तर तोच आधार. पण शहरात पंक्चरवाला तसाही जवळपास सापडतो, आणि ताम्हिणीसारख्या घाटात फोनच लागत नाही. घ्याच, पण किती किलोमीटरपर्यंत येतात, वर्षातून किती वेळा, हे वाचून घ्या.

किटसोबत एक छोटी टॉर्च, जुने हातमोजे आणि जादा फ्यूज ठेवा, तिन्हींना मिळून मूठभर जागा लागते. फोनमध्ये ११२ आणि राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ हे नंबर असू द्या.

चाक पूर्ण बसलं असेल तर त्यावर गाडी चालवत नेऊ नका. टायरची कड रिमवरून सुटली की छोट्या पंपाची हवा आत टिकतच नाही, तिथे दुकानाचा कॉम्प्रेसरच हवा.

आणि किट घेतलंच तर पहिला प्रयोग घाटात करू नका. टोच्या भोकात घालून फिरवायला जी ताकद लागते तिचा अंदाज व्हिडिओ बघून येत नाही. टायरमधले दोरे त्याला धरून ठेवतात. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी मला एक टाकाऊ टायर दिला, स्वतः खिळा ठोकला आणि म्हणाले, बस आता. पहिली पट्टी मी पूर्ण आत ढकलून टाकली. दुसरी बसली. सुईच्या नेढ्यात पट्टी मधोमध ओवायची, दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर राहतील इतकीच आत घालायची आणि सुई झटक्यात ओढायची. पट्टी बोटाने ओढून ती निसटत नाही ना, ते त्यांनी बघितलं आणि टायर मला घरी न्यायला दिला.