एका सेकंदाची वीज, पावणेदोन मिनिटांची शांतता : वर्कस्टेशन अकरा महिने वापरल्यानंतर

गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी पूर्व नागपुरातील एका मंडळाच्या मैदानावर आमचा मराठी-हिंदी गाण्यांचा कार्यक्रम सुरू होता. चौथ्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्याआधीचा बासरीचा तुकडा मी वर्कस्टेशनवर, म्हणजे अनेक वाद्यांचे आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर, वाजवत असताना वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला. मध्ये जेमतेम एक सेकंद गेला असेल. मिक्सर लगेच सुरू झाला, स्पीकर बोलू लागले, शेजारचा ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) काही सेकंदांत तयार झाला. माझ्या वर्कस्टेशनच्या पडद्यावर मात्र कंपनीचे बोधचिन्ह उमटले आणि त्याखाली एक पांढरी रेघ डावीकडून उजवीकडे सरकू लागली. ती रेघ पूर्ण व्हायला पावणेदोन मिनिटे लागतात. मी नंतर घरी मोबाइलवर दहा वेळा वेळ लावून पाहिली. एक मिनिट चव्वेचाळीस सेकंदांपेक्षा लवकर ती कधीही पूर्ण झाली नाही.

ढोलकी आणि ऑक्टोपॅडवर गायिकेने मुखडा तीन वेळा फिरवून वेळ निभावून नेली. वाद्य सुरू झाल्याबरोबर मी घाईने स्वर धरला आणि तो साफ चुकीच्या पट्टीत लागला. गाणे काळी चार या पट्टीत होते. मी पांढरी एकची बोटे ठेवून ट्रान्सपोज (बोटे तीच ठेवून पट्टी वर-खाली सरकवण्याची सोय) उणे चारवर लावला होता, आणि वाद्य पुन्हा सुरू होताना तो आकडा शून्यावर गेला होता. साउंड चेकच्या वेळी जुळवलेला स्प्लिट (कळांचे भाग करून प्रत्येकाला वेगळा आवाज देण्याची मांडणी) पुसला गेला होता आणि दुपारी दोन तास बसून नव्याने बांधलेला पुढच्या गाण्याचा सुरुवातीचा सिक्वेन्सही (वाद्यात भरून ठेवलेला, आपोआप वाजणारा तुकडा) नाहीसा झाला होता. जनरेटरजवळ उभा असलेला मुलगा मला समजुतीच्या सुरात म्हणाला, “मॅडम, एकच सेकंद तर गेली लाइट.” त्याचे म्हणणे खरे होते, म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

वाद्याचे आणि कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवेबद्दल लिहायचे आहे ती एका कंपनीपुरती नाही. एकसष्ट कळांचे, स्पर्शपडदा असलेले, बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारे, लाख रुपयांच्या थोडे वरचे मध्यम गटातील वर्कस्टेशन एवढे सांगितले तरी या गटाची वैशिष्ट्ये वाचकांना ठाऊक आहेत. गेल्या वर्षी दिवाळीनंतर, तीन वर्षांच्या कार्यक्रमांतून आणि शिकवण्यांतून साठवलेल्या पैशांत मी ते घेतले.

पहिल्या दोन महिन्यांत माझी तक्रार वेगळीच होती. कळ दाबून ठेवल्यावर आणखी दाब दिला असता स्वरात कंप आणता येतो ती सोय, म्हणजे आफ्टरटच, या वाद्यात नाही. यामाहाच्या सीएस-८० या १९७० च्या दशकातील वाद्यात प्रत्येक कळीला स्वतंत्र आफ्टरटच होता, आणि आज मध्यम किमतीच्या वर्कस्टेशनमध्ये साधा, सर्व कळांचा मिळून असलेला आफ्टरटचही किमतीसाठी वगळला जातो, याचा मला राग होता. सारंगी किंवा व्हायोलिनचा आवाज लावून वाजवताना हाताला ती सवय होती. आता मात्र ती तक्रार मी मागे घेते. डाव्या हाताच्या बेंडरची (स्वर वर-खाली सरकवणाऱ्या साधनाची) मर्यादा दोन अर्धस्वरांवरून पाचावर नेली, तो अंगठ्याने अगदी हळू ढकलायची सवय केली आणि बासरीची मींड त्यातून इतकी सुरेख निघू लागली की आफ्टरटचची आठवण क्वचितच येते. षड्जावरून ऋषभाकडे जाताना स्वर मध्ये किंचित रेंगाळतो, ते रेंगाळणे अंगठ्याखाली स्पष्ट जाणवते. त्या एका आवाजासाठी मी हे वाद्य पुन्हा घेईन.

वजनाबद्दलचे मतही बदलले. कळा हलक्या आहेत, तळ प्लास्टिकचा आहे, हाताला भारदस्तपणा जाणवत नाही, असे मी सुरुवातीला सर्वांना सांगत असे. यामाहाच्या मोटिफ एक्सएफ मालिकेतील एकसष्ट कळांचे वाद्य सुमारे १५ किलोंचे होते, तर त्याच कंपनीचे मोडएक्स६ हे ६.६ किलोंचे आहे. या फरकाचा अर्थ एप्रिलमध्ये कळला. कार्यक्रम आटोपल्यावर रात्री साडेअकराला एकटीने वाद्य खांद्यावर घेऊन रिक्षापर्यंत चालत जाता येते, हे माझ्यासाठी कळांच्या भारदस्तपणापेक्षा मोठे आहे.

पण हलकेपणा कशाच्या बदल्यात मिळाला हेही पाहिले पाहिजे. पूर्वीच्या जड वाद्यांत वीजपुरवठ्याचा भाग आतच असे आणि मागे संगणकाला असते तशी जाड वायर घट्ट बसत असे. आता तो भाग अ‍ॅडॉप्टरच्या रूपाने बाहेर गेला आहे. त्याचे फायदे आहेत : अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो, त्यामुळे मंडपातील कमी-जास्त दाब तो निमूटपणे सोसतो, आणि बिघडलाच तर बदलणे सोपे जाते. तोटा असा की, सारे वाद्य करंगळीच्या टोकाएवढ्या एका गोल पिनेवर लटकलेले राहते. मार्चमध्ये मंचावर कोणाचा तरी पाय वायरीत अडकला, पिन बाहेर आली आणि त्या झटक्याने आतील सॉकेट ढिले झाले. त्यानंतर वायर हलली की वाद्य बंद पडू लागले.

अधिकृत सेवा केंद्राने वाद्य मुंबईला पाठवायला सांगितले आणि पूर्ण बोर्ड बदलण्याचा साडेतेरा हजारांचा अंदाज फोनवरच दिला. वॉरंटी चालू होती, पण हे नुकसान बाहेरून झालेले असल्यामुळे ते वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर मिळाले. तो नियम मला मान्य आहे. चार पायांच्या सॉकेटसाठी पूर्ण बोर्ड बदलणे मात्र मला मान्य नाही. इतवारीतील एका जुन्या कारागिराने खालचे आवरण उघडले, भिंग लावून पाहिले आणि म्हणाला, “ताई, बोर्डाला काही झालं नाही, सोल्डर सुटलं आहे.” वीस मिनिटांचे काम होते आणि त्याने साडेतीनशे रुपये घेतले. ते सॉकेट आजवर हललेले नाही.

त्याच फोनवर मी सेवा केंद्रातील गृहस्थांना विचारले होते की, वीज गेल्यावर ट्रान्सपोज, स्प्लिट आणि सिक्वेन्स का पुसले जातात. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, हा दोष नाही, डिझाइनच तसं आहे. सेव्ह केल्याशिवाय बंद करू नये, असं मॅन्युअलमध्ये लिहिलं आहे.” मी मॅन्युअल पाहिले, तसे लिहिलेले आहे. परंतु बंद करणारी मी नव्हते.

हे डिझाइन असे का झाले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९८८ मध्ये कोर्गचे एम१ आले, तेव्हा त्यात सोळा स्वरांची पॉलिफोनी (एकाच वेळी सोळा स्वर वाजण्याची क्षमता), ४ मेगाबाइटची ध्वनिस्मृती आणि आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर होता. त्याची अंतर्गत स्मृती छोट्या नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकत असे. वीज गेली तरी आतील आवाज आणि गाणी जागच्या जागी राहत. त्या काळात साठवायचे तरी किती होते? पुढे सॅम्पलिंग, म्हणजे बाहेरच्या आवाजांचे नमुने (सॅम्पल) वाद्यात भरणे, आले, स्मृती मोठी झाली आणि ती बॅटरीवर टिकवणे परवडेनासे झाले. १९९९ च्या कोर्ग ट्रायटनमध्ये फ्लॉपी होती, २००१ च्या यामाहा मोटिफमध्ये स्मार्टमीडिया कार्ड होते. गाणे आणि सॅम्पल त्यावर उतरवून घेतले नाही तर वीज जाताच नाहीसे होई. सॅम्पलपुरता हा प्रश्न पुढे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या फ्लॅश स्मृतीने सोडवला. मोटिफ एक्सएफमध्ये २०१० साली फ्लॅशचे वेगळे बोर्ड लावता येऊ लागले आणि २०१६ च्या मोंटाजमध्ये १.७५ जीबी फ्लॅश आतच आली.

म्हणजे जड सॅम्पल आज टिकतात आणि ट्रान्सपोजचा एक आकडा पुसला जातो. ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. यावर तांत्रिक उत्तर असे दिले जाते की, फ्लॅशवर पुन्हा पुन्हा लिहिल्याने ती झिजते, त्यामुळे प्रत्येक लहान बदल लगेच लिहून ठेवणे योग्य नाही. हे खरे आहे, पण अपुरे आहे. ट्रान्सपोज, स्प्लिटची जागा, आवाजांची पातळी आणि बेंडरची मर्यादा ही सारी माहिती काही शे बाइटांत मावते, आणि अशा कामासाठी अब्जावधी वेळा लिहिले तरी न झिजणारी एफरॅम जातीची स्मृती कित्येक वर्षांपासून मिळते. सिक्वेन्ससाठी तर वीज जाताना दोन सेकंदांची सवड मिळाली तरी पुरे. माझ्या वाद्याचा वापर मी मोजला. तो साधारण १८ वॅट भरला. दोन सेकंदांसाठी ३६ ज्यूल लागतील. घड्याळात घालतो त्या एका साध्या पेन्सिल सेलमध्ये याच्या शेकडो पट ऊर्जा असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या शहरात लिथियम बॅटरी बंद वाद्यात ठेवू नये, हे मला पटते. पण एवढ्या ऊर्जेसाठी सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवणारा छोटा भाग) पुरतो, आणि त्याची किंमत वाद्याच्या किमतीत नजरेतही भरणार नाही.

सुरू व्हायला लागणाऱ्या वेळेचे कारण वेगळे आहे आणि त्याबद्दल माझा सूर थोडा मवाळ आहे. जुन्या वाद्यांत आवाज रॉममध्ये कायमचे कोरलेले असत, म्हणून ती बटण दाबताच वाजू लागत. आजचे वर्कस्टेशन प्रत्यक्षात एक संगणकच आहे. २०११ मध्ये आलेल्या कोर्ग क्रोनॉसमध्ये लिनक्सवर आधारलेली संगणकप्रणाली, एसएसडी (संगणकातील वेगवान साठवण) आणि आवाज घडवणारी नऊ निरनिराळी इंजिने होती, आणि ते तयार व्हायला दोन मिनिटांच्या घरात वेळ लागे. पियानोच्या प्रत्येक स्वराचे मोठे, न कापलेले नमुने हवे असतील तर ते कुठून तरी भरावे लागणारच. माझी मागणी एवढीच आहे की, भरण्याचा क्रम बदलावा. पहिल्या दहा सेकंदांत एक पियानो आणि एक स्ट्रिंग्ज वाजण्याजोगे करावे आणि बाकीचे मागून भरत राहावे. साथ करणाऱ्याला त्या क्षणी नऊ इंजिने नको असतात, गायिकेला टेकायला एक स्वर हवा असतो.

गणेशोत्सवानंतर मी उपायाच्या शोधात होते. आधी संगणकाचा जुना यूपीएस जोडून पाहिला. वीज गेल्यावर वाद्य चालू राहिले, पण बॅटरीवर जाताच स्पीकरमधून बारीक गुणगुण येऊ लागली, आणि तो उचलून नेणे म्हणजे वाद्याचे वाचलेले वजन पुन्हा खांद्यावर घेणे होते. मग माझ्या भाच्याने घरातील वायफाय राउटरखाली ठेवलेली छोटी पेटी दाखवली. वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारा तो १२ व्होल्टचा यूपीएस होता. माझा अ‍ॅडॉप्टरही १२ व्होल्ट, २ अँपिअरचाच आहे. पिनेच्या आतल्या आणि बाहेरच्या भागाचा धन-ऋण क्रम अ‍ॅडॉप्टरवरच्या चिन्हाशी ताडून पाहिला, मीटर लावून बॅटरीवरील दाब मोजला आणि मगच जोडला. तेराशे रुपयांची, हाताच्या पंजाएवढी पेटी. भिंतीवरचे बटण बंद केले आणि वाद्य वाजतच राहिले. आवाजात फरक नाही, गुणगुण नाही. बॅटरीवर ते पस्तीस मिनिटे चालले. मी पुन्हा पुन्हा बटण बंद-चालू करून पाहत होते आणि प्रत्येक वेळी तितकाच आनंद होत होता. (अशी पेटी घेताना १२ व्होल्ट आणि पुरेसे अँपिअर दोन्ही पाहावेत, काही पेट्यांचा दाब बॅटरी उतरताना बराच खाली जातो.)

म्हणून वाद्याबद्दलचे माझे मत आज दोन महिन्यांपूर्वीपेक्षा चांगले आहे. आवाज, वजन, बेंडर आणि स्प्लिट करण्याची सोपी रीत यांसाठी हे वाद्य घ्यावे, असे मी शिष्यांनाही सांगते. पण जी खबरदारी तेराशे रुपयांच्या पेटीत आहे, ती लाखाच्या वाद्यात का नाही, हा प्रश्न पेटी जोडल्याने मिटत नाही. कंपनीला पाठवलेल्या पत्रात मी तीन गोष्टी मागितल्या आहेत : शेवटची स्थिती आपोआप टिकावी, प्रत्येक गाण्याबरोबर त्याची पट्टी साठवली जावी आणि ती पडद्यावर हातभर अंतरावरून दिसेल एवढ्या मोठ्या आकड्यात असावी, आणि अ‍ॅडॉप्टरच्या पिनेला फिरवून बसणारी कडी असावी. नवे आवाज, नवी इंजिने, आणखी मोठा पडदा यांतले काहीही मी मागितलेले नाही.

नवे वर्कस्टेशन घेणाऱ्यांनी दुकानदाराला आधी सांगून एक चाचणी जरूर करावी. ट्रान्सपोज उणे चारवर न्यावा, दोन मात्रा सिक्वेन्सरमध्ये भराव्यात, मागची पिन सरळ काढावी, पुन्हा लावावी आणि घड्याळ पाहत थांबावे. मागच्या आठवड्यात सीताबर्डीतील एका दुकानात मी दोन वेगळ्या वाद्यांवर हे करून पाहिले. एक बावीस सेकंदांत तयार झाले, पण पट्टी आणि मात्रा दोन्ही विसरले. दुसऱ्याला सव्वा मिनिट लागले. मात्रा गेल्या होत्या, पट्टी मात्र उणे चारवरच होती.