कोअरबूटसाठी घेतलेली ८ एमबीची चिप: आठ महिन्यांनंतर

कोअरबूट म्हणजे कंपनीच्या बायोसऐवजी (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) टाकायचा मुक्त पर्याय. त्यासाठी असूसचा पी८एच६१-एम एलएक्स हा जुना मदरबोर्ड मी एकाच कारणासाठी घेतला: त्याची बायोसची चिप सॉकेटात बसते, म्हणजे सोल्डरिंग न करता काढता-घालता येते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात बारीक सोल्डरिंग करून देणारं कोणी नाही. मूळ चिप ४ एमबीची. सीबायोससह (नेहमीच्या बायोसचं काम करणारा छोटा प्रोग्राम) कोअरबूट तिच्यात आरामात मावतो, पण मला पेलोड म्हणून, म्हणजे कोअरबूटनंतर चालणारा प्रोग्राम म्हणून, लिनक्स कर्नल ठेवायचा होता. म्हणून विनबॉण्डची डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही घेतली. १६ एमबीची घ्यायचा मोह झाला होता, पण तेवढ्या जागेत ठेवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

नावातला ६४ हा आकडा मेगाबिटचा आहे, ८ ने भागा. शेवटची अक्षरं त्याहून महत्त्वाची: एफव्ही ३.३ व्होल्टची, एफडब्ल्यू १.८ व्होल्टची. एफडब्ल्यू इथे चालणार नाही. पॅकेज डीआयपी-८ च हवं, म्हणजे दोन रांगांत आठ पाय असलेलं, सॉकेटात बसणारं.

पहिली चिप एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आली. तिच्यावरचं नाव बरोबर होतं, पण फ्लॅशरॉमला (चिप वाचणारा-लिहिणारा प्रोग्राम) आयडी भलताच दिसला. खरीचा ईएफ ४० १७ येतो. परत पाठवली आणि दुसरीकडून दोन मागवल्या. एक लावायला, एक तयार ठेवायला. हा निर्णय सगळ्यात चांगला ठरला.

चिपेवर लिहिण्यासाठी घेतलेल्या काळ्या सीएच३४१ए प्रोग्रामरच्या डेटा पिनांवर मल्टीमीटरने ५ व्होल्ट दाखवले, ३.३ व्होल्टच्या चिपेला ते जास्त, तेव्हाच तो बाजूला ठेवला. रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर सर्प्रोग (त्याला प्रोग्रामर बनवणारं फर्मवेअर) टाकून काम केलं. मूळ चिप तीनदा वाचून चेकसम जुळवले, म्हणजे तिन्ही वेळा तेच वाचलं गेलं याची खात्री केली. चिप मोठी असली की इफडीटूल या कोअरबूटच्या साधनाने डिस्क्रिप्टरमध्ये (चिपेच्या कुठल्या भागात काय आहे याची नोंद) तिचा आकार आणि बायोसचा भाग, दोन्ही बदलावे लागतात. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

मे महिन्याच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीतही, मशीन एकदा अडकलं नाही. जुलैत मात्र नवीन इमेज बोर्डावरूनच लिहीत होतो आणि मधेच लाईन गेली. इन्व्हर्टर दुरुस्तीला दिलेला. लाईन आल्यावर स्क्रीन काळी. पीकविम्याचा अर्ज भरायला काका कागदं घेऊन दारात.

"बिघडलं का बापा? यवतमाळले न्या लागते का?"

"नाही काका, पाच मिनिटं बसा."

तयार ठेवलेली चिप खाचेची दिशा बघून बसवली, मशीन उठलं, अर्ज भरला. रात्री बिघडलेली पिकोवर पुन्हा लिहून घेतली. आता ती अँटिस्टॅटिक पिशवीत, तारीख टाकून, मूळ चिपेशेजारी ठेवली आहे. मूळ चिपेवर मात्र मी काहीच लिहिणार नाही.